कंदीलपुष्प
कंदीलपुष्प : (खर्चुडी, लॅ. सेरोपेजिया, कुल–ॲपोसायनेसी). या प्रजातीतील वनस्पतींच्या फुलांचा आकार टांगलेल्या कंदिलासारखा असल्याने हे नाव पडले आहे. लॅटिन नाव ‘मेण’ व ‘कारंजे’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून लिनीअस यांनी १७५३ मध्ये योजिले. पूर्वी या वनस्पतींचा अंतर्भाव रुई कुलात करीत. आता ते कुल करवीर कुलात समाविष्ट केले आहे. भारतात ५० हून अधिक जाती असून त्यांपैकी अनेक फक्त सह्याद्रीत आढळतात.

सह्याद्रीतील बहुतेक जाती लहान, सरळ वाढणाऱ्या किंवा वेलीसारख्या ओषधी आहेत. जमिनीत कंद असतो. पावसाळ्याच्या आरंभी त्यातून कोंब येतो, पावसाळ्यात फुले येतात आणि नंतर जमिनीवरील भाग वाळून जातो. उरलेले वर्ष वनस्पती कंदाच्या रूपाने जिवंत राहते. पाने साधी व समोरासमोर असतात.

पुष्पमुकुट पाच जुळलेल्या पाकळ्यांचा असून त्याची नळी तळाशी फुगीर असते. बहुतेक जातींत पाकळ्यांची टोके वर एकत्र येऊन कंदिलाचा आकार बनतो. वासाने आकृष्ट झालेली बारीक माशी नळीत उतरते. आतील केस खाली वळलेले असल्याने तिला परतता येत नाही. या बंदिवासात परागपुंज तिच्या सोंडेला चिकटतात. पुढे केस सुकतात, फूल कलते व माशी सुटते. ती दुसऱ्या फुलात गेल्यास परागण घडून येते. फळे शेंगेसारखी, बहुधा जोडीने येणारी असून बियांवर रेशमी केसांचा झुबका असतो.

हरिश्चंद्रगडावरील सेरोपेजिया लॉई व नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगरावरील सेरोपेजिया अंजनेरिका (वर्णन २००६) यांसारख्या जातींचे क्षेत्र अत्यंत मर्यादित आहे. काही जातींचे कंद खाद्य असल्याने ते खणून काढतात. पाने खुडली तरी कंदातून पुन्हा कोंब येऊ शकतो, कंद गेल्यास मात्र झाडच नाहीसे होते. फलधारणा विशिष्ट माश्यांवर अवलंबून असल्याने ही हानी सहज भरून येत नाही. चराई, वणवे, खाणकाम व डोंगरमाथ्यांवरील बांधकामे यांनीही अधिवास आक्रसतो.

कोल्हापूर येथील शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाने अनेक दुर्मिळ जातींचे आपल्या उद्यानात संवर्धन केले आहे. बी, खोडाचे तुकडे व ऊतकसंवर्धन यांद्वारे रोपे वाढविता येतात. तथापि परागण करणाऱ्या माश्यांसह मूळचे गवताळ उतार टिकले, तरच या जाती निसर्गात स्वबळावर टिकू शकतील.