स्मृतिभ्रंश झालेल्यांचं निवासगृह कसं पारखावं?

भारतात साठीपुढच्या सुमारे 7.4 टक्के लोकांना, म्हणजे 88 लाखांच्या आसपास माणसांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. खेड्यांत हे प्रमाण शहरांपेक्षा जास्त आढळलं. आर्णीसारख्या तालुक्याच्या गावी मात्र ‘म्हातारपणी विसरायला होतंच’ म्हणून निदानच लांबतं, आणि घरच्यांचं बळ संपलं की निवासगृहाचा शोध सुरू होतो.

तिथे गेल्यावर इमारत नंतर पाहा, आधी जेवणाची वेळ पाहा. घास भरवणारी व्यक्ती समोर बसते का, गिळायला वेळ देते का? दर महिन्याला वजनाची नोंद होते का? संध्याकाळी अनेकांची घालमेल वाढते. तेव्हा आणि रात्री किती माणसं कामावर असतात, हे स्पष्ट विचारा.

भाषेचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. या आजारात नंतर शिकलेली भाषा बरेचदा आधी निसटते. आर्णी परिसरातल्या बंजारा आजीला मराठी सुचेनाशी झाली, तर तिच्या गोरमाटी बोलीत ‘पाणी हवं’ म्हटलेलं तिथे कुणाला कळेल का?

औषधांबद्दलही विचारा. शांत ठेवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या काही मनोविकारविरोधी गोळ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने 2005 मध्येच दिला होता. चिडचिडीमागे दुखणं, बद्धकोष्ठ किंवा मूत्रमार्गाचा संसर्गही असू शकतो. आधी ते तपासायला हवं. माणसाला खुर्चीला बांधून ठेवलेलं दिसलं, तर तिथे ठेवू नका.