पोळीवरून उठलेला शेजारी

आमच्याकडे पुरणपोळी खायला बसलेला शेजारी पहिल्या पोळीवरूनच उठला, तेव्हा मला आधी रागच आला. कमरेचा पेजर वाजला, "येतो" म्हणाला आणि धडाधड जिना उतरून गेला. एका पायात त्याची चप्पल, दुसऱ्यात आमच्या ह्यांची!

गडी पेशाने इलेक्ट्रिशियन. पण जर्मनीतल्या आमच्या या डुरलाखच्या स्वयंसेवी अग्निशमन दलातही आहे. स्वयंसेवक म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर गणपतीतले बिल्लेवाले यायचे. हे प्रकरण वेगळं निघालं.

लहानपणी वाईला आमच्या आळीत आग लागली होती. विहिरीपासून माणसांची रांग, बादल्या या हातातून त्या हातात, ओरडणारे शंभर आणि ऐकणारं कुणी नाही. निम्मं पाणी वाटेतच सांडलं. डुरलाखलाही पूर्वी हीच तऱ्हा. 1689 मध्ये फ्रेंच सैन्याने हे गाव जाळलं होतं, म्हणजे आगीची धास्ती इथे जुनीच. धावून जाणाऱ्यांची वाण नव्हती. कुणी काय करायचं, हेच ठरलेलं नसायचं.

ते ठरवलं ख्रिस्टियान हेंग्स्ट या गावच्या बांधकाम अधिकाऱ्याने. हायडेलबर्गच्या कार्ल मेट्झ यांच्या कारखान्यातून हाताने चालवायचा नवा बंब आला होता. दोन्ही बाजूंनी माणसांनी दांडे दाबायचे, की नळीतून पाण्याची धार. पण दांडे एका लयीत दाबले नाहीत तर धार तुटते. म्हणून 1846 मध्ये हेंग्स्टने गावकऱ्यांचं पथक उभं केलं, प्रत्येकाची जागा नेमून दिली आणि आग नसताना कवायत करून घेतली. मला विचाराल तर खरी कल्पकता या शेवटच्या गोष्टीत आहे.

28 फेब्रुवारी 1847 ला शेजारच्या कार्ल्सरुहेतलं दरबारी नाट्यगृह पेटलं. साठाहून अधिक माणसं गेली. डुरलाखचं पथक पोचलं तेव्हा नाट्यगृह हातचं गेलं होतं, पण आग पुढे पसरू न देण्यात या पथकाचा मोठा वाटा होता. मग गावोगावी अशी पथकं निघाली. (मायसेन गावचे लोक सांगतात, आमचं पथक 1841 चं. पहिलं पथक कुणाचं, या वादात मी पडत नाही. मी डुरलाखची भाडेकरू!)

1938 मध्ये डुरलाख कार्ल्सरुहे शहरात विलीन झालं. शहराकडे पगारी जवान आहेत, तरी गावाचं पथक टिकून आहे. देशभरात असे स्वयंसेवक दहा लाखांच्या आसपास. कामाच्या वेळेत बोलावणं आलं तर मालकाला सोडावं लागतं, पगारही कापता येत नाही.

तासाभराने शेजारी परतला. कुणाच्या तरी ओव्हनमध्ये पिझ्झा करपला होता, एवढंच. ह्यांची चप्पल मात्र ओलीचिंब. मी पोळी पुन्हा तव्यावर टाकली, तर म्हणाला, "जरा लक्ष ठेवा हं. आत्ताच बूट काढलेत."