तिजोरीची दुसरी किल्ली

मी ज्या प्राथमिक शाळेंत नोकरी केली तेथें फीच्या पेटीला दोन कुलपें असत. एक किल्ली कारकुनाकडे, दुसरी मजकडे. एकदां त्याची अडचण पाहून मीं माझी किल्लीहि आठवडाभर त्याच्याच स्वाधीन केली आणि महिनाअखेर तीनशें चाळीस रुपये कमी निघाले. ते मीं पदरचे भरले. चोरी झाली कीं मोजणी चुकली, हें मात्र आजतागायत कळलें नाहीं. आणि कदाचित् अगदीं सरळ असलेल्या त्या माणसाकडे मी पुढें कित्येक वर्षें संशयानें पाहत राहिलों.

आजच्या मोठ्या कंपन्यांच्या कोषविभागांत रोकड नसते. असतो तो हुकूम. अमक्या खात्यांतून तमक्यास इतकी रक्कम द्यावी, असा निरोप यंत्रावरून सुटतो आणि कोट्यवधि रुपये जागा बदलतात. देशोदेशींच्या बँकांमध्यें असे निरोप पोंचविणारी 'स्विफ्ट' ही संस्था १९७३ सालीं बेल्जममध्यें स्थापन झाली. ती पैसा वाहून नेत नाहीं, निरोप तेवढा नेते. तो ठरल्या रीतीनें, ठरल्या ठिकाणाहून आला कीं यंत्राचें समाधान होतें. कळफलकावर बोटें कोणाचीं आहेत, हें त्याला दिसत नाहीं.

बांगला देशाच्या मध्यवर्ती बँकेला याचा अनुभव ४ फेब्रुवारी २०१६ च्या रात्रीं आला. चोरांनीं तिच्या संगणकांत शिरून न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला ३५ हुकूम धाडले. एकूण मागणी सुमारें ९५ कोटि डॉलरांची! दिवस मोठ्या हिशेबानें निवडला होता. ढाक्याला शुक्रवार-शनिवार सुटी, न्यूयॉर्कला शनिवार-रविवार, आणि सोमवारीं मनिला शहरांत चिनी नववर्षाची. या निरोपांची नोंद छापणारें यंत्र शुक्रवारीं बंद आढळलें. नेहमींचाच बिघाड असेल, असें कचेरींतील मंडळींना वाटलें. तीस हुकूम न्यूयॉर्कला अडले, पांच सुटले. त्यांपैकीं श्रीलंकेला निघालेले २ कोटि डॉलर एका शब्दानें वांचविले: घेणाऱ्या संस्थेच्या नांवांतील 'फाउंडेशन' हा शब्द चोरांनीं चुकीचा लिहिला होता. शुद्धलेखनासाठीं मुलांचे कान पिळणाऱ्या मला ही हकीकत किती गोड वाटली, तें काय सांगूं! उरलेले ८ कोटि १० लक्ष मनिला येथील खोट्या नांवांच्या खात्यांत गेले आणि तेथून बहुतांशीं जुगारगृहांत.

आपल्या पुण्यांतहि, ऑगस्ट २०१८ मध्यें, कॉसमॉस बँकेचे १३ कोटि ९२ लक्ष रुपये अशाच खोट्या निरोपांनीं हाँगकाँगला गेले.

कंपनीला लुटण्यास एवढें कौशल्यहि लागत नाहीं. नेहमींच्या पुरवठादाराच्या नांवानें ई-मेल येते, कीं आमचें बँकखातें बदललें आहे, यापुढें रक्कम या क्रमांकावर धाडावी. कारकून क्रमांक बदलतो, पैसे जातात, आणि खरा पुरवठादार महिन्यानें तगादा लावतो तेव्हां उलगडा होतो. येथें पत्रांतील क्रमांकावर नव्हे, आपल्या वहींत पूर्वींपासून असलेल्या क्रमांकावर दूरध्वनि करून विचारावें. हुकूम एकानें लिहावा, दुसऱ्यानें मूळ बिल पाहून मंजूर करावा. आणि साहेबांनीं आपला परवलीचा शब्द, सोय म्हणून, सहायकाच्या हवालीं करूं नये. बँकेचा व आपला हिशेब रोज ताडून पाहावा, कारण गेलेली रक्कम अडविण्यास फार थोडे तास मिळतात.

आपल्याकडे एनईएफटी व आरटीजीएस यांत केवळ खातेक्रमांक पाहून रक्कम जमा होते. घेणाराचें नांव जुळतें कीं नाहीं, हें धाडणारास पूर्वीं कळत नसे. पैसे धाडण्यापूर्वीं तें नांव दाखविण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत करावी, असें रिझर्व्ह बँकेनें बँकांना फर्माविलें. ही सोय घरच्या खातेदारालाहि आहे. घरभाडें किंवा मुलाची फी धाडतांना ती वापरून पाहावी.