दातांची थकबाकी

श्रावणी अमावास्येला विदर्भात पोळा असतो, त्याच दिवशी आमच्या छत्तीसगडात पोरा असतो. मातीच्या बैलांची पूजा होते आणि घरोघर ठेठरी व खुरमी तळली जाते. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत आणि त्यानंतर जी मराठी कुटुंबे रायपुरात येऊन राहिली, त्यांच्या ताटातही पुरणपोळीच्या शेजारी हे दोन पदार्थ केव्हाच येऊन बसले आहेत. ठेठरी म्हणजे बेसनाची, वळून तळलेली आणि चांगली कडक अशी चीज. काही वर्षांपूर्वी अशाच एका पोऱ्याला ठेठरी खाताना माझा वरचा, अगदी समोरचा दात हिरडीपाशी मोडला. "अहो, खडा लागला का?" असे पत्नीने स्वयंपाकघरातून विचारले. खडा नव्हता. मोडलेला तुकडा मी तळहातावर घेऊन पाहिला, तो आतून काळा होता. विशेष म्हणजे दुखले मुळीच नाही.

त्यापूर्वीची बावीस वर्षे मी दंतवैद्याची पायरी चढलो नव्हतो. याची कारणे मला तेव्हा फार सबळ वाटत. रायपुरात शासकीय दंत महाविद्यालय निघाले ते 2003 साली, म्हणजे छत्तीसगड राज्य झाल्यावर तीन वर्षांनी. आमच्या तरुणपणी मोठा इलाज म्हटला की जवळजवळ 300 किलोमीटरांवरच्या नागपूरकडे पाहण्याची आमची रीत होती. परंतु हे कारण 2003 नंतर उरले नाही आणि मी तरीही गेलो नाही. खरे कारण दुसरेच होते, व त्याकडे मी येणारच आहे.

आधी गुडाखूविषयी सांगितले पाहिजे. महाराष्ट्रातील श्रोत्यांना मशेरी ठाऊक आहे. तंबाखू भाजून तिची पूड दातांना घासतात. आमच्याकडे तिची बहीण गुडाखू. तंबाखू आणि गुळाची मळी यांचे हे काळे, ओलसर मिश्रण लहानशा डबीत मिळते. पहाटे तळ्याच्या पायरीवर बसून पुरुष ते बोटाने घासतात, अंगणात बसून स्त्रिया घासतात, आणि पहाटेचे एक बोट पाहता पाहता दिवसाची पाच-सहा बोटे होतात. पूर्वी याच पायऱ्यांवर निंबाची किंवा बाभळीची काडी चालत असे. तिला इकडे मुखारी म्हणतात. दंतमंजनात वा टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने 1992 साली मनाई केली. गुडाखू मात्र तंबाखूचा पदार्थ म्हणून विकली जात राहिली, आणि घासणारे तिला मंजनच समजत राहिले. मीही त्यांपैकीच एक. नोकरीत फिरतीवर असताना एका सहकाऱ्याने दुखऱ्या दाढेसाठी म्हणून ती दिली, आणि दुखणे खरोखरच बोथट झाले. तंबाखूने रोग जात नाही, त्याची हाक तेवढी ऐकू येईनाशी होते. निकोटिनाने हिरड्यांतील बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे रोगट हिरडीतूनही रक्त कमी येते, आणि रक्त येत नाही म्हणून मनुष्य निर्धास्त राहतो.

दात किडतो कसा, हे थोडक्यात सांगतो. तोंडात जे असंख्य सूक्ष्म जंतू असतात ते साखरेचे आम्ल करतात. हे आम्ल दातावरच्या कवचातील खनिज विरघळवते. सुदैवाने लाळ आम्लाला निष्प्रभ करते आणि गेलेले खनिज काही प्रमाणात परतही देते. परंतु तिला अर्धा तास तरी सवड हवी. गोड चहाचा पेला कचेरीत दर तासाला समोर येत असेल तर ती सवड मिळायची कशी? कवच हे आपल्या शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य असले तरी त्यात मज्जातंतू नाहीत, म्हणून ते झिजताना कळत नाही. कीड आतल्या थराला पोहोचली की थंडगार पाणी लागू लागते. त्याहून आत, दाताच्या गाभ्यात गेली की रात्र रात्र झोप नाही, कारण त्या कठीण भिंतींच्या आत सूज यावयास जागाच नसते.

आणि मग एके दिवशी दुखणे आपोआप थांबते. येथेच बहुतेक जण फसतात. दाढ बरी झाली, लवंगेचे तेल लागू पडले, असे आपण म्हणतो. वास्तविक दाताचा गाभा मेलेला असतो. जंतू मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात आणि तेथे निवांतपणे आपले काम चालू ठेवतात. माझ्या हातातला काळा तुकडा अशाच एका 'बऱ्या झालेल्या' दाताचा होता.

हिरड्यांचा आजार तर याहूनही मुका. दातांच्या मुळाशी चिकट थर साचतो, काही दिवसांत त्याचे किटण होते, किटणाखाली हिरडी दातापासून सुटते आणि खालचे हाड हळूहळू झिजते. मधुमेह असेल तर ही झीज अधिक वेगाने होते. किटण काढल्याने दात हलू लागतात, ही समजूत आमच्याकडे इतकी खोल रुजली आहे की ती खोडण्यासाठी दंतवैद्यांना दाताच्या कण्या कराव्या लागतात. दात हलत असतात ते हाड गेल्यामुळे. किटणाने त्यांना गचाळ चुन्यासारखे तात्पुरते धरून ठेवलेले असते, इतकेच. तशीच दुसरी समजूत वरचा दात काढला की दृष्टी अधू होते ही. वरच्या दातांना जाणारे मज्जातंतू मेंदूच्या पाचव्या नसेचे फाटे आहेत, दृष्टीची नस दुसरी आहे. दोहोंच्या वाटा वेगळ्या.

आता ते खरे कारण. मी गेलो नाही तो वेदनेच्या भीतीने नव्हे, लाजेने. हसताना तोंडापुढे हात धरण्याची सवय मला इतकी जडली होती की छायाचित्रांतूनही माझा तो हात दिसतो. तोंड उघडून दाखवायचे म्हणजे बावीस वर्षांचा आळस, व्यसन आणि बेफिकिरी एका परक्या माणसापुढे उघडी करायची. शिकलेल्या, चारचौघांत मान असलेल्या माणसाला ही लाज अधिक छळते असे माझे मत आहे. गरीब माणूस दुखले की जातो, पैसे नसले तर परततो. आम्ही पैसे असून घरी बसतो. आणि ही लाज स्वतःच्याच पायांवर वाढत जाते: जितका उशीर, तितकी अवस्था वाईट, जितकी अवस्था वाईट, तितका आणखी उशीर.

समोरचा दात गेल्यावर मात्र लपवायला काही उरले नाही. मी ज्या दंतवैद्य बाईंकडे गेलो त्या माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. खुर्चीत बसताच मी माफी मागण्यास सुरुवात केली. त्यांनी ती मध्येच थांबवली आणि म्हणाल्या, "काकाजी, यापेक्षा वाईट तोंड मी आज सकाळीच पाहिले आहे." एवढ्या एका वाक्याने माझी बावीस वर्षांची भीड निम्मी झाली. नंतर त्यांनी दोन्ही जबड्यांचे क्ष-किरण चित्र काढले आणि जमाखर्च मांडला. बत्तिसांपैकी पाच पूर्वीच गेलेले. सात न वाचणारे. चारांना रूट कॅनाल, सहा भरून घ्यायचे. दहा चांगले. हे दहा आहेत, हे मला कोणी तोवर सांगितलेच नव्हते. मी मनाने सगळेच तोंड वाया घालवून बसलो होतो.

एवढे काम एकदम करीत नाहीत. त्याला एक क्रम असतो आणि तो क्रम समजला की धीर येतो. प्रथम जेथे पू वा वेदना आहे ते शांत करायचे. मग किटण काढून हिरड्या निरोगी करायच्या, कारण सुजलेल्या हिरडीवर बांधलेले काहीच टिकत नाही. मग न वाचणारे दात काढायचे, वाचणारे भरायचे, आणि सर्वांत शेवटी रिकाम्या जागांचा विचार. लोकांना शेवटची पायरी आधी हवी असते. मलाही समोरचा दात आधी हवा होता. त्यासाठी बाईंनी एक तात्पुरता दात दिला आणि मूळ क्रम मोडला नाही. हा क्रम कागदावर लिहून मागावा, प्रत्येक टप्प्याचा खर्चही त्यावर असावा. शासकीय दंत महाविद्यालयांत खर्च पुष्कळ कमी येतो. तेथे शिकणारे विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, म्हणून वेळ मात्र अधिक लागतो.

वेदनेबद्दल बोलायचे तर आजच्या दंतवैद्यकात दात काढताना जी जाणवते ती ओढ आणि दाब. टोचते ती सुई, तीही क्षणभर. आपण ठरवून घ्यावे की डावा हात वर केला की काम थांबवायचे. माझा हात पहिल्या दिवशी चार वेळा वर गेला, नंतर गेला नाही. केवळ जागा बधिर करून काम व्हायचे असेल तर उपाशीपोटी जाण्याचे कारण नाही. मधुमेह्यांनी तर जेवूनच जावे. रक्तदाब, हृदयविकार, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, सर्व सांगावे, आणि अशी गोळी आपल्या मनाने कधीही बंद करू नये.

दात काढल्यानंतरचे नियम मी घरातील आरशावर चिकटवून ठेवले होते. कापसाची घडी अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून धरायची. पहिला दिवसभर थुंकायचे नाही, चुळा भरायच्या नाहीत, कारण त्या खाचेत जी रक्ताची गुठळी बसते तीच तेथील खरी मलमपट्टी. ती निघून गेली तर दोन-तीन दिवसांनी असा ठणका लागतो की काढलेला दात परवडला. तंबाखूने हा धोका वाढतो. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच तोंड धुवावे. खाण्याचा प्रश्न आमच्या छत्तीसगडाने आधीच सोडवून ठेवला आहे: रात्री पाण्यात भिजवलेला भात, म्हणजे बासी. थंड, मऊ आणि पोटभर. दह्यात कुस्करून, मिरची-कांदा वगळून मी ती चार दिवस खाल्ली. घरची मंडळी मात्र माझ्यासमोर बसून अनारसे खात होती.

गुडाखू याच चार दिवसांत सुटली. यात माझी थोरवी काही नाही. तोंडात बोट घालण्याचीच सोय नव्हती. पाचव्या दिवशी हात पुन्हा डबीकडे गेला तेव्हा पत्नीने डबी कोठे टाकली ते सांगण्याचे नाकारले. त्यानंतरचे तीन आठवडे माझा स्वभाव कसा होता ते तिलाच विचारावे.

वरच्या जबड्यासाठी मला अर्धी कवळी मिळाली. कवळीविषयी जे कोणी आधी सांगत नाही ते असे, की पहिले काही दिवस तोंडात कोणाचा तरी जोडा ठेवल्यासारखे वाटते, लाळ सुटते, एखादी जागा सोलवटते. सोलवटली तर कानशीने घरी घासू नये, दंतवैद्याकडून घासून आणावी. रात्री ती काढून साध्या पाण्यात ठेवावी, कढत पाण्यात ती वेडीवाकडी होते. नैसर्गिक दातांइतका जोर तिला कधीच येत नाही, तेव्हा दोन्ही बाजूंनी लहान घास चावावे. आणि मोठ्याने वाचावे. माझी अडचण जरा खास मराठी होती. हिंदी बोलताना माझे निभावून जाई. परंतु मराठीत 'चिमणी'चा च वेगळा आणि 'चोरा'चा वेगळा. 'चोर', 'चाक', 'झाड' यांतील दंत्य उच्चारांना दातांमागचा पत्ता लागतो, आणि तो पत्ताच बदललेला! पंधरा दिवस मी वर्तमानपत्राचे अग्रलेख मोठ्याने वाचले. नातवाला ते फार आवडत, अग्रलेखाच्या विचारांमुळे नव्हे.

कवळीची लाज वाटणाऱ्यांनी गांधीजींचे स्मरण करावे. ते जेवताना कवळी लावीत आणि एरवी काढून ठेवीत; 1933 च्या नोव्हेंबरात हरिजन-दौऱ्यावर ते रायपूरला आले तेव्हा येथील लोकांनी पाहिले असेल ते त्यांचे बोळके हास्यच.

खालच्या जबड्यात मागे दोन इम्प्लान्ट बसवले. स्वीडनमधील ब्रोनेमार्क या शास्त्रज्ञांना हाडांचा अभ्यास करताना असे आढळले, की टायटॅनियम धातूशी हाड एकजीव होते. 1965 साली त्यांनी त्यावर आधारलेले पहिले दात एका रुग्णाला बसवले. आज ही पद्धत रायपुरातही उपलब्ध आहे, पण ती महाग आहे, तिला हाड पुरेसे लागते, आणि धातू हाडात मुरण्यासाठी काही महिने थांबावे लागते. तंबाखू चालू असेल किंवा मधुमेह ताब्यात नसेल तर अपयशाचा धोका वाढतो. ज्याला ती परवडत नाही त्याने हिरमुसू नये. चांगली बसलेली कवळी हाही पूर्ण इलाज आहे.

माझे हे सारे काम अकरा महिने चालले, एकोणीस खेपा झाल्या. शेवटच्या खेपेला बाईंनी किटण पुन्हा तपासले, दोन दातांमध्ये फिरवायचा लहान ब्रश कसा धरायचा ते तिसऱ्यांदा दाखवले आणि सहा महिन्यांनंतरची तारीख लिहून दिली. त्या वर्षी पोरा आला तेव्हा पत्नीने माझ्यासाठी ठेठरी वेगळी, थोडी मोहन जास्त घालून केली होती. मी ती दाढेने मोडली. मग घरच्यांनी छायाचित्र काढले. त्यात माझा हात खाली आहे.