जिभेच्या आधी कान

घरात मूल बोलू लागले की सारे घर बोबडे होते. कचेरीत दोन शब्दांवर तिसरा न बोलणारा गृहस्थ संध्याकाळी ‘काय ले शोन्या, दुदू प्यायलाश?’ असे विचारत जमिनीवर रांगतो आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. पण या कौतुकालाही वय असते. मूल तीनेक वर्षांचे झाले की कालपर्यंत गोड वाटणारा ‘ताता’ काळजीचा होतो. पाहुण्यांसमोर ‘र म्हण बघू’ अशी परीक्षा सुरू होते. आजी वेखंड उगाळू लागते. ‘जीभ जड आहे’ असे निदान शेजारी परस्पर करून टाकतात. सगळ्यांचे लक्ष जिभेकडे. खरे तर भाषेचे काम जिभेच्या कितीतरी आधी कानाने सुरू केलेले असते.

मूल आईच्या पोटात असल्यापासून ऐकते. अँथनी डिकॅस्पर आणि विल्यम फायफर या अमेरिकन संशोधकांनी १९८० साली दाखवून दिले, की नवजात बाळे आईचा आवाज ओळखतात. तो ऐकायला मिळावा म्हणून चोखण्याची लयसुद्धा बदलतात. १९८४ साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा कॅनडातला अभ्यास प्रसिद्ध झाला. तो तर आपल्या अगदी जवळचा आहे, कारण त्यात हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ वापरले होते. इंग्रजी घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना या दोन ध्वनींतला फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बाळांत मात्र ही कुवत बरीच ओसरलेली दिसली. इंग्रजीत हा भेद लागत नाही, म्हणून कानाने तो सोडून दिला. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर बरेच दिवस व्यवहार न झालेले खाते निष्क्रिय झाले. आपल्या घरांत ‘ताट’ आणि ‘टाच’ रोज कानी पडतात, त्यामुळे आपल्या बाळांचे हे खाते चालू राहते. पहिला शब्द उच्चारण्यापूर्वीच मूल ‘मराठी’ झालेले असते, ते असे.

जिभेचे काम मागाहून आणि टप्प्याटप्प्याने होते. ओठांचे ध्वनी सोपे, म्हणून प, ब, म लवकर येतात. आपल्या ‘आई’त तर व्यंजनच नाही! जिभेचा मागचा भाग उचलून काढायचे क, ग काही मुलांना जड जातात. मग काकाचा ‘ताता’ होतो आणि गाडीची ‘दादी’. टोक थरथरवायचा ‘र’ आणि जीभ मागे वळवायचा ‘ळ’ बऱ्याच मुलांना उशिरा साधतात. तोवर दोन्हींच्या जागी ‘ल’. जोडाक्षर आले की एक अक्षर गाळून प्रकाशचा ‘पकाश’. यात गोंधळ नाही, नियम आहे. काकाला ‘ताता’ म्हणणारे मूल बहुधा कावळ्यालाही ‘तावला’ म्हणते.

गंमत म्हणजे, मुलाला स्वतःची चूक ऐकू येत नसली तरी दुसऱ्याची येते. तुम्ही मुद्दाम ‘हे ताता का?’ असे विचारून पाहा. ते रागावून सांगेल, ‘ताता नाही, ताता!’ जीन बर्को आणि रॉजर ब्राऊन यांनी १९६० साली असाच प्रसंग नोंदवला होता. ‘फिश’ला ‘फिस’ म्हणणाऱ्या मुलाला मोठ्या माणसाचे ‘फिस’ पसंत पडले नाही. कान पुढे असतो, जीभ मागून येते.

व्याकरणाचेही तेच. ‘बाबा येला’, ‘मी करलं’ ही वाक्ये मुलाने घरातल्या मोठ्या माणसांकडून ऐकलेली नसतात. बसला, पडला, उठला यांवरून त्याने स्वतः नियम काढला आणि ‘ये’ला लावला. चूक आहे ती ‘आला’ म्हणणाऱ्या मराठीच्या लहरीपणाची! दिवसभर आईपाशी असणारा मुलगा ‘मी जाते’ म्हणतो, तेही हसण्यावारी नेऊ नये. त्याने ऐकले तेच उचलले.

मग आपण करायचे काय? दुरुस्ती नको, उत्तर द्या. मूल म्हणाले ‘दादी येली’, तर ‘हो, गाडी आली. लाल गाडी आली’ असे म्हणावे. बरोबर रूप कानावर पडते आणि बोलणाऱ्याचा पाणउताराही होत नाही. मम्मं, भुर्र, चिऊ या बालबोलीची लाज नको. भाषाशास्त्रज्ञ डॉ. अशोक केळकर यांनी १९६४ साली तिच्यावर स्वतंत्र लेख लिहिला होता. मात्र समोर माणूस हवा. पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ सालच्या प्रयोगात नऊ महिन्यांची अमेरिकन बाळे समोर बसलेल्या माणसाकडून चिनी ध्वनी शिकली. तेच बोलणे पडद्यावर दाखवले तेव्हा काहीच शिकली नाहीत. घास भरवताना मुलासमोर मोबाईल धरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पण हे सारे कान शाबूत असेल तर. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी शाखेत होतो, तेव्हा आमच्याकडे पिग्मी गोळा करणाऱ्या एका गृहस्थाचा मुलगा बोलत नसे. हाक मारली तरी वळून बघत नाही, म्हणून घरात तो हट्टी ठरला. थाळी आपटली की दचकतो, म्हणून ऐकू येते असा सगळ्यांचा निर्वाळा. ‘पोरगे उशिराच बोलतात, याचा बापही तसाच होता,’ असे म्हणत वर्षे गेली. पाचव्या वर्षी शहरात तपासणी झाली. दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येत होते. त्याच्या वडिलांनी मला विचारले, ‘साहेब, पाच वर्षं आम्ही त्याच्याशी बोलतच होतो. ते सगळं गेलं कुठं?’ दारोदार जाऊन रोजची शिल्लक गोळा करणाऱ्या माणसाचा तो प्रश्न होता. मला उत्तर देता आले नाही.

म्हणून काही खुणा घरच्यांनी पाहाव्यात. सहा महिन्यांचे बाळ आवाजाच्या दिशेने वळते का? दहा महिन्यांपर्यंत ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी बडबड सुरू झाली का? ऐकू न येणारी बाळेही आधी हुंकारतात, पण ही बडबड त्यांच्यात लांबते. दीड वर्षाचे होऊनही एकही शब्द नाही, दोन वर्षे झाली तरी दोन शब्द जोडत नाही, आलेले शब्द हरवले, कान वारंवार वाहतो, यांतले काहीही दिसले तर आधी कान तपासावा. कान ठीक असेल तर वाचा-उपचारतज्ज्ञांकडे जावे. नवजात बाळाच्या कानाचीही तपासणी होते, तीही ते झोपेत असताना. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून हेच काम करते आहे. दोष सहा महिन्यांच्या आत कळून उपाय सुरू झाले, तर भाषा पुष्कळ चांगली येते, असे क्रिस्टीन योशिनागा-इतानो यांच्या १९९८ सालच्या अमेरिकेतल्या अभ्यासात दिसले.

‘र’ आणि ‘ळ’ सहाव्या वर्षापर्यंतही येत राहतात. त्यांची घाई करू नये. ऐकू येते की नाही, हे बघायला मात्र एक दिवसही थांबू नये. ‘बोलेल हळूहळू’ असे म्हणण्याचा हक्क, मुलाला आपला आवाज पोहोचतो आहे अशी खात्री केलेल्यांनाच आहे.