ढेकूण : ओळख आणि बंदोबस्त

‘डोक्यात उवा झाल्यात’ असे एखादी मुलगी बाईंच्या कानात का होईना, पण सांगते. ‘आमच्या घरी ढेकूण झालेत’ असे मात्र वर्गात कुणीच सांगत नाही. ढेकूण म्हणजे घाण, ढेकूण म्हणजे गरिबी, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्के बसले आहे. ज्याच्या घरी ते होतात तो गप्प बसतो, पाहुण्यांना टाळतो आणि बाजारात मिळेल ते औषध गुपचूप आणून मारतो. याचा एक परिणाम असा, की ढेकूण शेजारच्या तीन बिऱ्हाडांत पोचेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. दुसरा परिणाम जिवावर बेतणारा आहे. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे. आधी या प्राण्याची नीट ओळख करून घेऊ.

ढेकूण हा अर्धपंखी गणातला, सिमिसिडी कुळातला कीटक. नाव अर्धपंखी असले तरी याला उडण्याजोगे पंख नसतात, पंखांचे नुसते खुंट उरलेले असतात. माणसाला चावणाऱ्या मुख्य जाती दोन. थंड आणि समशीतोष्ण प्रदेशांत आढळणारी सायमेक्स लेक्च्युलॅरियस आणि आपल्यासारख्या उष्ण प्रदेशांतली सायमेक्स हेमिप्टेरस. पूर्ण वाढलेला ढेकूण पाच ते सात मिलिमीटर लांब, तपकिरी आणि उपाशी असताना कागदासारखा चपटा असतो. रक्त प्यायला की तो फुगतो, लांबट होतो आणि लालभडक दिसतो. पाय सहा. कुत्र्याच्या अंगावरच्या गोचिडीला आठ पाय असतात, तेव्हा शंका आली तर भिंगाखाली पाय मोजावेत. झुरळाची लहान पिल्लेही पुष्कळदा ढेकूण समजून मारली जातात. पण झुरळाच्या मिशा लांब आणि चाल वेगवान असते. ढेकूण त्यामानाने सावकाश चालतो.

ढेकणाचे अन्न एकच, रक्त. अंड्यातून बाहेर आल्यापासून प्रौढ होईपर्यंत त्याला पाच वेळा कात टाकावी लागते आणि प्रत्येक काती आधी निदान एकदा पोटभर रक्त मिळावे लागते. नर आणि मादी दोघेही रक्त पितात (डासांत फक्त मादी पिते, हा फरक मुलांना विचारण्याजोगा आहे). नुसत्या रक्तावर जगणे तसे सोपे नाही. रक्तात ब गटातील जीवनसत्त्वे ढेकणाच्या गरजेपेक्षा कमी असतात. ती त्याला पुरवतात त्याच्या शरीरात राहणारे वोल्बॅकिया नावाचे जीवाणू. जपानी संशोधकांनी २०१० साली हे जीवाणू ढेकणांतून काढून टाकून पाहिले, तेव्हा ढेकणांची वाढ खुंटली आणि प्रजनन मंदावले.

मादी दिवसाला एक ते पाच आणि आयुष्यभरात दोनशे ते पाचशे अंडी घालते. अंडे जेमतेम एक मिलिमीटर लांब, मोत्यासारखे पांढरे आणि फटीत चिकटवलेले असते. उबदार हवेत सहा ते दहा दिवसांत त्यातून पिल्लू बाहेर येते आणि रक्त मिळत गेले तर पाच ते सात आठवड्यांत ते प्रौढ होते. हे आकडे लक्षात ठेवावेत. बंदोबस्ताचे सारे वेळापत्रक त्यांच्यावरच बसवायचे आहे.

ढेकूण माणसाच्या अंगावर राहत नाही. तो फटीत राहतो आणि रात्री आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड व अंगाची ऊब यांच्या रोखाने येतो. पाचदहा मिनिटे रक्त पितो आणि परततो. त्याच्या लाळेत रक्त गोठू न देणारे पदार्थ असतात. खाज सुटते ती या लाळेला आपले शरीर जो प्रतिसाद देते त्यामुळे. हा प्रतिसाद माणसामाणसांत फार वेगळा असतो. एकाच अंथरुणात झोपणाऱ्या दोघांपैकी एकाच्या अंगावर गांधी उठतात आणि दुसऱ्याच्या अंगावर काहीच दिसत नाही. म्हणून ‘मला काही चावत नाही, तुलाच कसे चावतात?’ हा घरोघरी होणारा वाद निरर्थक आहे. नुसत्या गांधीवरून ढेकणाचे निदान करणे डॉक्टरांनाही जमत नाही, कारण डास, पिसवा किंवा साधी ॲलर्जी यांनीही तशाच गांधी उठतात.

रोग पसरतो का?

हा प्रश्न पालक हमखास विचारतात. ढेकणाच्या शरीरात अनेक रोगजंतू सापडले आहेत, पण नेहमीच्या जीवनात त्याने माणसांत एखादा रोग पसरवल्याचे सिद्ध झालेले नाही. एचआयव्हीसुद्धा ढेकणातून पसरत नाही. या बाबतीत आपल्याच देशातला इतिहास उद्बोधक आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काळा आजार कोण पसरवतो याचा शोध चालू असताना मद्रासमध्ये पॅटन यांचा संशय ढेकणावर होता. काळा आजाराचे परजीवी ढेकणाच्या पोटात वाढताना त्यांना दिसले होते, त्यामुळे तो संशय वावगाही नव्हता. पण पोटात जंतू वाढणे वेगळे आणि चाव्यातून रोग होणे वेगळे. अखेर १९४२ साली स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी हा रोग वाळूमाशीच्या चाव्यातून होतो हे सिद्ध केले आणि ढेकूण सुटला.

रोग पसरवत नाही म्हणून तो निरुपद्रवी मात्र नव्हे. खाजवून जखमा होतात, त्या चिघळतात. ढेकूण फार झाले तर लहान मुलांच्या अंगातले रक्त कमी होऊ शकते. आणि रात्रभर झोप न झालेले मूल दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगते, हे तर शिक्षकांच्याच समोर घडते.

तपास

ढेकूण मारण्याआधी शोधावे लागतात. रात्री दिवा लावून धावपळ करण्यापेक्षा दिवसा बॅटरी आणि एक जुने पोस्टकार्ड घेऊन बसावे. गादीची शिवण, उशीचे कोपरे, खाटेचे सांधे, लोखंडी पलंगाच्या पोकळ नळ्यांची तोंडे, नवारीच्या घड्या, पलंगामागची भिंत, कॅलेंडरची मागची बाजू, फोटोची चौकट, विजेच्या बटणांची पेटी, दाराची चौकट, वसतिगृहातली ट्रंक अशा ठिकाणी पोस्टकार्ड फटीतून फिरवावे. जिवंत ढेकूण मिळाला तर प्रश्नच नाही. नाही मिळाला तरी पारदर्शक काती, पांढरी अंडी आणि शाईच्या टिपक्यांसारखे काळे डाग दिसतात. हे डाग म्हणजे ढेकणाची विष्ठा, अर्थात पचलेले रक्त. डागावर ओला कापूस घासला की तो तांबूस-तपकिरी पसरतो. साधी धूळ किंवा बुरशी तशी पसरत नाही.

ढेकूण पुष्कळ झाले की एक उग्र गोडसर वास येतो. तो अल्डिहाइड गटातील संयुगांचा असतो. कोथिंबिरीच्या वासातही याच गटातील संयुगे आहेत. धण्याच्या इंग्रजी नावाचे मूळ ढेकूण या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे, असे काही भाषाभ्यासक मानतात. कोथिंबिरीवाचून ज्यांचे पोह्यांचे पान हलत नाही त्यांनी ही माहिती विसरून जावी!

ढेकूण घरात येतो तो सामानातून. प्रवासातली बॅग, वसतिगृहातून सुटीला आलेली वळकटी, जुन्या बाजारातला पलंग किंवा सोफा. स्वच्छ घरातही तो येतो, कारण त्याला घाण नको असते, रक्त आणि फट एवढेच हवे असते. अडगळीच्या घरात त्याला लपायला जागा जास्त मिळतात, एवढाच काय तो फरक. म्हणून प्रवासाहून आल्यावर बॅग पलंगावर ठेवू नये, कपडे थेट गरम पाण्यात टाकावेत आणि जुने फर्निचर दारातच तपासून आत घ्यावे.

ऊन आणि उकळते पाणी

गाद्या उन्हात टाकणे हा आपल्याकडचा सर्वांत जुना उपाय. तो कितपत खरा आहे? ढेकूण ४५ अंश सेल्सिअसला सुमारे दीड तासात मरतो. अंडी अधिक चिवट असतात. त्यांना ४८ अंशांच्या आसपास तेवढा वेळ लागतो. पन्नास अंशांच्या वर मात्र फार वेळ लागत नाही. वैशाखातल्या गच्चीचे तापमान याहून सहज वर जाते. मग उपाय फसतो कुठे? कापूस उष्णतेचा मंदवाहक आहे, तिथे. ऑस्ट्रेलियात २००६ साली एक गादी काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून उन्हात ठेवण्यात आली. वरची बाजू ८५ अंशांच्या आसपास तापली; खालची ३७ अंशही झाली नाही. ढेकूण चालत खालच्या बाजूला जातो आणि संध्याकाळी गादीबरोबर घरात परत येतो. पातळ चादरी, गोधड्या, कपडे उन्हात पसरून उलटेपालटे केले तर फायदा होतो. जाड गादीचा भरवसा धरू नये. ती बाहेर नेऊन झटकावी, शिवणी ब्रशने घासाव्यात आणि शक्य असेल तर चेनची बंद खोळ घालावी.

खाटेच्या सांध्यांत उकळते पाणी ओतण्याची आजीची पद्धत शास्त्रीयदृष्ट्या अगदी योग्य आहे. तिने अंडीही मरतात. खाट अंगणात किंवा न्हाणीघरात नेऊन हे करावे, विजेच्या वस्तूंजवळ नको, आणि मुलांना दूर ठेवून. कपडे व चादरी ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवून धुवाव्यात. इस्त्रीची वाफ शिवणींवर सावकाश फिरवावी. रॉकेल ओतू नये. त्याने फटीतले ढेकूण मरतातच असे नाही, घर मात्र पेटू शकते.

हे सारे एकदा करून भागत नाही. चुकून राहिलेली अंडी सहा ते दहा दिवसांत फुटणार. म्हणून दर दहा दिवसांनी, निदान चार वेळा, तीच मोहीम पुन्हा काढायची. नव्या पिल्लाला प्रौढ व्हायला पाच आठवडे तरी लागतात. त्याआधीच ते सापडले तर नवी अंडी पडत नाहीत. फटी लांबी भरून बुजवाव्यात, पलंग भिंतीपासून दूर ओढावा आणि पांघरूण जमिनीवर लोळू देऊ नये. मुंग्यांसाठी ठेवतो तशा वाट्या पलंगाच्या पायांखाली ठेवाव्यात. गुळगुळीत वाटीतून ढेकणाला चढता येत नाही असे सांगतात, पण हे थंड प्रदेशांतल्या जातीला जास्त लागू पडते. आपल्याकडच्या जातीची गुळगुळीत पृष्ठभागावरची पकड अधिक चांगली असल्याचे २०१७ साली दिसून आले आहे. तेव्हा वाटीत साबणाचे पाणी घालावे.

महिनाभर घर बंद ठेवले की उपाशी मरतील, ही आशाही व्यर्थ आहे. ढेकूण काही महिने उपाशी राहू शकतो. मे महिन्याची सुटी त्याच्या दृष्टीने काहीच नव्हे.

औषधे

डीडीटीचा कीटकनाशक गुण पॉल म्यूलर यांनी १९३९ साली शोधला. ढेकणांचा तर तो काळच ठरला. पण १९४७ सालीच हवाई बेटांवर डीडीटीला दाद न देणारे ढेकूण आढळले. आपल्याकडे १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि घरोघरी फवारणी होऊ लागली. सुरुवातीला डासांबरोबर ढेकूणही मेले. पुढे ते मरेनासे झाले, उलट फवारणीने चवताळून बाहेर पडू लागले, आणि ‘याने ढेकूण वाढतात’ म्हणून काही ठिकाणी लोक फवारणाऱ्यांना दारातूनच परत पाठवू लागले. डीडीटीनंतर आलेल्या पायरेथ्रॉइड औषधांचीही आज तीच गत आहे. ढेकणांना औषधाची ‘सवय होते’ असे आपण म्हणतो, ते बरोबर नाही. ज्या थोड्या ढेकणांच्या चेतापेशींत आधीच असा बदल असतो की औषध तिथे नीट चिकटत नाही, तेवढे वाचतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. नैसर्गिक निवडीचे याहून घरगुती उदाहरण सापडणार नाही.

औषध लागू पडेना की माणूस अधिक जहाल औषधाकडे वळतो. इथेच तो सुरुवातीला म्हटलेला धोका आहे. धान्यातली कीड मारण्यासाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरतात. त्या घरात, पलंगाखाली ठेवल्याने माणसे, विशेषतः लहान मुले, दगावल्याच्या बातम्या महाराष्ट्रातल्या शहरांतूनही आल्या आहेत. हवेतल्या ओलाव्याशी संयोग होऊन या गोळ्यांतून फॉस्फीन वायू बाहेर पडतो. त्याचा रेणुभार ३४, हवेचा सरासरी २९. म्हणजे तो हवेत सहज मिसळतो आणि दाराखालून, पाइपांच्या भोकांतून शेजारच्या घरात जातो. गोळ्या एका बिऱ्हाडात आणि मृत्यू दुसऱ्या बिऱ्हाडात, असेही घडते. लसणासारख्या वासावर विसंबू नये, कारण शुद्ध फॉस्फीनला वास नसतो. उलट्या, पोटदुखी, धाप ही लक्षणे अन्नातून विषबाधा झाल्यासारखी वाटतात आणि त्यात मोलाचा वेळ जातो. या विषावर उतारा नाही. रोग्याला मोकळ्या हवेत आणून ताबडतोब रुग्णालयात न्यावे आणि गोळ्यांविषयी डॉक्टरांना न लाजता सांगावे. भारतात या गोळ्यांचा वापर सरकारी तज्ज्ञांच्या किंवा अधिकृत कीडनियंत्रकांच्या देखरेखीखालीच करण्याची परवानगी आहे. राहत्या घरात ढेकणांसाठी त्या कुणी देत असेल तर घेऊ नयेत, आणि शेजारी वापरत असल्याचे कळले तर घर सोडून बाहेर पडावे.

कीडनियंत्रकाला बोलावले तर औषधाचे नाव लिहून मागावे, किती तास घराबाहेर राहायचे ते विचारावे आणि दहाबारा दिवसांनी दुसरी फेरी आहे की नाही ते आधी ठरवून घ्यावे. एकाच फेरीत काम संपवण्याची हमी देणारा माणूस अंड्यांचा विचार करत नाही.

घेवड्याचे पान

बाल्कन देशांत पूर्वी रात्री पलंगाभोवती घेवड्याची पाने पसरत आणि सकाळी पानांवर अडकलेल्या ढेकणांसकट ती जाळून टाकत. अमेरिकन संशोधकांनी १९४३ साली आणि पुन्हा २०१३ साली याचा अभ्यास केला. पानावरचे सूक्ष्म आकडे ढेकणाच्या पायात रुततात आणि तो जागच्या जागी खिळतो. प्लॅस्टिकचे हुबेहूब आकडे बनवून पाहिले, पण त्यांनी ढेकूण अडखळले, खिळले नाहीत. पानाचे काम कारखान्यात होईल तेव्हा होईल. पान मात्र आपल्याकडे आहे. फरसबी, राजमा, साताऱ्याचा वाघ्या घेवडा ही सारी त्याच एका वनस्पतीची वाणे. ताज्या पानाची खालची बाजू मनगटावर हलकेच दाबून पाहावी, ती चिकटल्यासारखी वाटते. मग पानाचा तुकडा शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून शंभर पट मोठा करून पाहावा. टोकाशी वाकलेले आकडे स्पष्ट दिसतात.