पोटॅशियमचे औषध : केव्हा घ्यावे, केव्हा टाळावे?

बँकेत आकडेमोड करणाऱ्या माणसाने औषधाविषयी लिहावे, याचे काही सभासदांना नवल वाटेल. परंतु घरातील एका प्रसंगाने आम्हाला हा विषय समजून घेणे भाग पडले. ती माहिती सर्वांच्या उपयोगी पडावी म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची आई सत्तरीची. रक्तदाबासाठी तिला टेल्मिसार्टनची गोळी रोज चालू होती. रात्री पायांत गोळे येतात, अशी तिची तक्रार असे. शेजारच्या काकूंना जुलाबानंतर डॉक्टरांनी पोटॅशियमचे सिरप दिले होते व त्यांना गुण आला होता. उरलेली बाटली त्यांनी आपुलकीने दिली आणि आम्ही आठवडाभर आईला सकाळ-संध्याकाळ ते पाजले. पुढे नेहमीच्या तपासणीत रक्तातील पोटॅशियम ६.२ निघाले. डॉक्टरांनी त्याच दिवशी तिला दाखल करून घेतले. तिच्या मूत्रपिंडांचे काम मंदावले होते, हे आम्हाला ठाऊकच नव्हते. आई सुखरूप घरी आली. पण चूक आमची होती.

पोटॅशियम म्हणजे काय? खताच्या गोणीवर नत्र, स्फुरद, पालाश असे लिहिलेले असते. त्यातील पालाश तेच पोटॅशियम. स्नायू, मज्जातंतू आणि हृदयाचे ठोके यांना ते आवश्यक असते. शरीरातील बहुतेक पोटॅशियम पेशींच्या आत असते. रक्तात ते लिटरमागे सुमारे ३.५ ते ५ मिलीइक्विव्हॅलंट एवढेच असावे लागते. ही शिल्लक सांभाळणारे रोखपाल म्हणजे मूत्रपिंडे. जास्तीचे पोटॅशियम ती लघवीवाटे बाहेर टाकतात. रोखपालच थकला, तर जमा वाढतच जाते.

पोटॅशियम कमी झाले तर अशक्तपणा, पायांत गोळे, बद्धकोष्ठता, धडधड असे त्रास होतात. मात्र ही लक्षणे इतर कारणांनीही होतात. उलट ते वाढले तर पुष्कळदा काहीच जाणवत नाही आणि एकदम हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून लक्षणांवरून अंदाज न बांधता रक्त तपासणे हाच खरा मार्ग होय.

औषधाची गरज कोणाला? फार उलट्या-जुलाब झालेल्यांना किंवा फ्युरोसेमाइडसारखी लघवी वाढविणारी गोळी घेणाऱ्यांना, तेही तपासणीत कमतरता दिसली तर. इतरांना सहसा आहार पुरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली प्रौढांसाठी आहारातून रोज किमान ३५१० मिलिग्रॅम पोटॅशियम सुचविले. मध्यम केळ्यात ते सुमारे ४०० मिलिग्रॅम असते. डाळी, बटाटे, रताळी, पालेभाज्या व शहाळ्याचे पाणी यांतूनही ते मिळते.

विशेष सावधगिरी कोणी बाळगावी? मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, तसेच एनालाप्रिल, रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांनी. ही औषधे पोटॅशियम वाढवू शकतात. ती मनाने बंद मात्र करू नयेत. बाजारातील कमी सोडियमच्या मिठातही बहुधा पोटॅशियम क्लोराईड असते. या मंडळींनी ते मीठ डॉक्टरांना विचारूनच वापरावे. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी शहाळ्याचे पाणीही विचारूनच प्यावे.

डॉक्टरांनी औषध दिलेच, तर पुढील नियम पाळावेत :

१. सिरप मापानेच घ्यावे, भरपूर पाण्यात मिसळून, जेवणानंतर व सावकाश प्यावे. नुसते घेतल्यास पोटात जळजळ होते.
२. गोळी चावू वा कुटू नये. बसून, पेलाभर पाण्याबरोबर अख्खी गिळावी.
३. एखादी मात्रा चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये.
४. सांगितलेल्या दिवशी रक्त पुन्हा तपासावे.
५. उरलेले औषध कोणाला देऊ नये व कोणाचे घेऊ नये.
६. हातपाय गळाल्यासारखे वाटले किंवा ठोके अनियमित झाले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

विद्यार्थी मित्रांना एक विनंती. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या औषधांची नावे एका वहीत लिहून ठेवा आणि दवाखान्यात जाताना ती वही बरोबर न्या. आमच्या घरी तशी वही असती आणि ती डॉक्टरांना दाखवून मगच बाटली उघडली असती, तर आईवर तो प्रसंग आला नसता.